भूमिका तुमची, घर माझं

नटीच्या हातात माईक आला की प्रश्न ठरलेले असतात. अभिनयावर एखादा, मग नवरा, मुलं, स्वयंपाक, वजन आणि वय. मी नाशिक न सोडता आजवर काम केलं. आधी हौशी नाटकं आणि राज्य नाट्य स्पर्धा, मग व्यावसायिक नाटकांचे दौरे, आता मालिका. एवढ्या वर्षांत जे हाताशी लागलं ते आकडे घालून लिहिते आहे. आकडे फक्त वाचायला सोपं जावं म्हणून. पहिलं ते मोठं आणि शेवटचं ते लहान असं काही नाही. कामाबद्दल मोकळेपणानं लिहीन. घराबद्दल कामापुरतंच.

१. आपल्या आधी कोण उभं राहिलं, ते माहीत हवं

दादासाहेब फाळके मूळचे त्र्यंबकेश्वरचे. त्यांचा ‘राजा हरिश्चंद्र’ ३ मे १९१३ रोजी गिरगावातल्या कॉरोनेशनमध्ये लागला. त्यातली तारामती अण्णा साळुंके नावाच्या तरुणानं केली, कारण त्या कामाला बाई मिळेना. पुढं १९१७ साली ‘लंकादहन’मध्ये राम आणि सीता ही दोन्ही कामं याच साळुंक्यांनी केली. मधल्या काळात फाळके आपला पसारा घेऊन नाशिकला आले आणि इथं त्यांनी ‘मोहिनी भस्मासुर’ काढला. त्यात पार्वती झाल्या दुर्गाबाई कामत, आणि मोहिनी झाली त्यांची मुलगी कमला, तेव्हा जेमतेम तेरा-चौदा वर्षांची. भारतीय पडद्यावर बाईचं काम बाईनं करायला सुरुवात झाली ती अशी, माझ्या गावात.

दुर्गाबाई नवऱ्यापासून वेगळ्या झालेल्या, एकट्यानं मुलगी वाढवणाऱ्या. नाटकात काम करणाऱ्या बाईला त्या काळी लोक काय म्हणत, ते वेगळं सांगायला नको. त्यांच्या धाडसाचं कौतुक सगळेच करतात, मीही करते. मला जास्त भिडतो तो त्यामागचा साधा हिशेब. पोट भरायचं होतं, अंगात कला होती, म्हणून त्या कॅमेऱ्यापुढं उभ्या राहिल्या. कमलाबाईंचं लग्न पुढं चित्ताकर्षक नाटक मंडळीच्या रघुनाथराव गोखल्यांशी झालं. ऐन तारुण्यात वैधव्य आलं, पदरात मुलं होती. त्या काम करत राहिल्या, पुरुषांच्या भूमिकाही केल्या. चंद्रकांत गोखले हे त्यांचे चिरंजीव आणि विक्रम गोखले नातू. रीना मोहन यांनी त्यांच्यावर ‘कमलाबाई’ हा माहितीपट केला आहे. माझ्याकडे शिकायला येणाऱ्या प्रत्येक मुलीला मी तो आधी पाहायला सांगते, मग संहिता हातात देते.

तारामतीची गोष्ट अजून थोडी पुढं जाते. १९३२ साली प्रभातच्या ‘अयोध्येचा राजा’मध्ये व्ही. शांताराम यांनी ती भूमिका दुर्गा खोट्यांना दिली. साळुंक्यांकडून खोट्यांकडे यायला तारामतीला एकोणीस वर्षं लागली. त्याच्या आदल्याच वर्षी ‘फरेबी जाल’ या चित्रपटात दुर्गा खोट्यांनी छोटंसं काम केलं होतं आणि त्यासाठी त्यांना लोकांचं नको नको ते ऐकावं लागलं. खानदानी घर आणि उत्तम शिक्षण असूनही ते चुकलं नाही. आज बोलण्याची पद्धत बदलली आहे. शिव्या कुणी देत नाही. नवीन नटाला विचारतात, ‘या क्षेत्रात कसे आलात?’ नवीन नटीला विचारतात, ‘घरच्यांचं काय म्हणणं?’ प्रश्न १९१३ चाच आहे.

२. आधी शब्द तोंडात, मग भाव चेहऱ्यावर

राज्य नाट्य स्पर्धा १९५४ पासून चालू आहे आणि गावोगावचे नट तिच्यातच घडले. आमच्या नाशिक केंद्राची नाटकं परशुराम साईखेडकर नाट्यगृहात व्हायची. ते नाट्यगृह सार्वजनिक वाचनालयाचं, आणि वाचनालय १८४० सालचं. तालमी संध्याकाळी, नोकऱ्या आटोपून. कुणी नाशिकरोडच्या प्रेसमधून नोटांच्या कागदाचा वास अंगावर घेऊन यायचा, कुणी ओझरच्या एचएएलमधून बस धरून यायचा. मी बँकेतून.

आमचे दिग्दर्शक पहिल्या काही दिवसांत भावनेचं नावही काढू द्यायचे नाहीत. संवाद म्हणत तांदूळ निवडा, जिना चढा, दोरीवरचे कपडे काढा. श्वास लागला तरी शब्द जागचा हलता कामा नये. तेव्हा या पद्धतीचा राग यायचा. आम्हाला रडायचं असायचं, ओरडायचं असायचं. पण जिला पुढचं वाक्य आठवावं लागतं, तिचं अर्धं डोकं विंगेतल्या प्रॉम्प्टरकडे असतं. ती समोरच्याकडे बघूच शकत नाही. पाठांतर पक्कं झालं की वाक्य आपलं आपण येतं आणि मग मन रिकामं होतं, त्या रिकाम्या जागेत काहीतरी घडतं. अभिनय तिथून सुरू होतो असं मला वाटतं. मालिकेत संवाद सेटवर आल्यावर हातात पडतात, कधी कधी मेकअप चालू असताना. तिथं तग धरता आला तो या तांदूळ निवडण्यामुळं.

३. ऐकणारीचं काम

नाशिककराला ‘नटसम्राट’ घरचं नाटक वाटतं. ते लिहिणारे तात्यासाहेब शिरवाडकर इथलेच. २३ डिसेंबर १९७० रोजी पहिला प्रयोग झाला तेव्हा डॉ. श्रीराम लागू बेलवलकर होते आणि शांता जोग कावेरी. त्यानंतर आप्पा बेलवलकर करायची इच्छा नसलेला नट महाराष्ट्रात शोधून सापडायचा नाही. कावेरी करायला मिळावी म्हणून कुणी नवस बोलल्याचं मात्र मी ऐकलेलं नाही.

एका हौशी संस्थेच्या प्रयोगात ती माझ्या वाट्याला आली. संहिता पहिल्यांदा वाचली तेव्हा लक्षात आलं की बोलणं सगळं आप्पांकडे आहे. स्वगतं त्यांची, आठवणी त्यांच्या, संतापही त्यांचाच. आणि कावेरी बघते. सगळं वाटून टाकू नये असं जिला आतून वाटतं आणि तरीही जी नवऱ्याच्या मनाविरुद्ध जात नाही, ती बाई नाटक संपायच्या बरीच आधी निघून जाते. मग उरलेलं नाटक तिच्या नसण्यावर चालतं. हे लक्षात यायला मला बऱ्याच तालमी लागल्या. प्रेक्षकाला आप्पांचा आवाज ऐकू येतो, पण त्या आवाजानं घरात काय मोडतंय ते त्याला कावेरीच्या चेहऱ्यावरच दिसतं. ती ऐकायची थांबली की आप्पांचं स्वगत नुसतं पाठांतर होतं.

ऐकणं म्हणजे मान हलवणं नाही. ते वाक्य मला आधीपासून माहीत आहे, कालही ऐकलं आहे, हे विसरता आलं पाहिजे. आमचे आप्पा दर प्रयोगात एक जागा बदलायचे. कधी थांबा मोठा, कधी शब्द हलका. मी ते टिपायचे आणि त्यानुसार माझ्या हातातल्या उपरण्याची घडी हळू व्हायची किंवा अर्ध्यावर थांबायची. पारितोषिक त्यांना मिळालं आणि ते रास्तच होतं. पण प्रयोग संपल्यावर एक वयस्क बाई आत आल्या, माझा हात हातात घेऊन नुसत्या उभ्या राहिल्या आणि काहीही न बोलता गेल्या. त्यांना काय दिसलं असेल ते मला कळलं.

४. बोली ऐकायला बाजारात जावं लागतं

नाशिकची नटी म्हटल्यावर मुंबईत हमखास एक मागणी येते. ‘तुमच्याकडची गावरान भाषा बोला.’ आमच्याकडे गावरान नावाची एक भाषा नाही. सटाणा, कळवण, मालेगावकडे अहिराणी चालते. पेठ-सुरगाण्याच्या डोंगरात कोकणा लोकांची बोली निराळी. निफाडच्या आणि सिन्नरच्या बायका एकमेकींपेक्षा वेगळ्या सुरात बोलतात, आणि जुन्या पंचवटीतल्या आजीबाईंचा हेल या सगळ्यांहून निराळा. मालिकेच्या संहितेत मात्र ‘व्हय’ आणि ‘न्हाय’ पेरलं की खेडं तयार होतं.

एका भूमिकेसाठी मी कळवण भागातल्या बायकांजवळ बसून राहिले. त्या भाजी विकायला येत. मी काही विचारत नव्हते, नुसती बसायचे. शब्दांपेक्षा मला तिथं त्यांच्या थांबण्याच्या जागा सापडल्या. भाव सांगून झाल्यावर त्या गिऱ्हाइकाकडे बघत नाहीत, पाटीकडे बघतात. रागावल्या की आवाज चढत नाही, उतरतो. सेटवर मी तसं केलं. दिग्दर्शकांनी वाक्यं दोन-तीन ठिकाणी बदलू दिली, बाकी होती तशीच म्हणायला लावली. तेवढं मिळालं हेही पुष्कळ झालं. जिची बोली आपण उचलतो, ती बाई रात्री घरी तीच मालिका बघत असते, याचा धाक नटीला वाटलाच पाहिजे.

५. कॅमेरा

कालिदास कलामंदिरात शेवटच्या रांगेपर्यंत आवाज न्यायची सवय. त्यामुळं पहिल्या शूटिंगला सांगितलं गेलं, ‘बाई, घरात बोलता तसं बोला.’ ते एक बरं झालं.

पण खरी परीक्षा दुसरीच असते. आधी मास्टर घेतात, मग खांद्यावरून, मग क्लोज. माझा क्लोज लागेपर्यंत समोरच्या कलाकाराची वेळ संपलेली असते आणि तो निघून गेलेला असतो. त्याच्या जागी एक सहायक मुलगा कागद धरून सपाट आवाजात संवाद वाचतो, आणि मला त्या सपाट आवाजाकडे बघून पोटच्या मुलानं घराबाहेर काढल्याचं दुःख दाखवायचं असतं. इथं कावेरी उपयोगी पडली. न उच्चारलेलंही ऐकता येतं, हे मी तिच्याकडून शिकले होते. मी स्वतः समोरच्याच्या क्लोजसाठी शक्य तेव्हा थांबते. तरुण मुलींना याचं नवल वाटतं. पैसे वाढत नाहीत, कॅमेऱ्यात आपण दिसत नाही, मग का थांबायचं? कारण दृश्य दोघांचं आहे.

६. पैशाचं आधी बोलावं

नाटकात नाइट ठरलेली असते आणि ती प्रयोगाच्या दिवशी पाकिटात मिळते. मालिकेत दिवसावर बोली होते आणि पैसे येतात नव्वद दिवसांनी. जानेवारीत केलेल्या कामाचे पैसे एप्रिलअखेर. मधल्या तीन महिन्यांचं वाणसामान, मुंबईतलं राहणं, प्रवास हे सगळं आपल्या खिशातून. ट्रॅक संपला की एका फोनवर काम संपतं. प्रॉव्हिडंट फंड नाही, आजारपणाची रजा नाही. हे मी तक्रार म्हणून लिहीत नाही. व्यवसाय असाच चालतो, आणि तो पत्करताना ते माहीत असावं.

आमच्या हौशी रंगभूमीवरची जुनी माणसं नोकरी धरून नाटक करत, कामगार कल्याण मंडळाच्या स्पर्धा गाजवत आणि सकाळी पुन्हा कामावर हजर होत. त्यांना कुणी ‘पूर्णवेळ कलावंत’ म्हटलं नाही. पण कुठली भूमिका नाकारायची हे ठरवायचं स्वातंत्र्य त्यांच्याकडे पुष्कळ होतं. मीही बँक बराच काळ सोडली नाही. पहिल्या तारखेला पगार येत होता म्हणून मला दोन-तीन कामांना ‘नाही’ म्हणता आलं, आणि त्या नकारांचं मला अजून समाधान आहे. मुलींना मी सांगते, कराराचा प्रत्येक कागद वाचा, मानधन किती हे तोंडानं विचारा, विचारताना लाजू नका. बाईनं पैशाचं बोललं की ती ‘प्रोफेशनल झाली’ असं कुजकं बोलतात. व्हावं तिनं प्रोफेशनल.

७. शिव्या भूमिकेला, टाळ्याही तिलाच

एका मालिकेत मी सुनेचा छळ करणारी सासू होते. त्या काळात भद्रकालीच्या बाजारात एका भाजीवाल्या मावशींनी मला मेथी द्यायच्या आधी चांगलंच सुनावलं.

‘सुनेला एवढं छळायचं नसतं बाई. लेकीसारखी असती ती.’

‘मावशी, लिहून देतात तसं करते.’

‘मग लिहिणाराला सांगा ना.’

एवढं झाल्यावरही त्यांनी कोथिंबिरीची जुडी वरून घातलीच. मला त्यांचा राग आला नाही. आमचं काम त्यांच्या घरापर्यंत पोचलं होतं, आणि ज्या बाईचा त्यांना राग आला ती मी नव्हते, हे त्यांनाही आत कुठंतरी ठाऊक होतं. कोथिंबीर माझ्यासाठी होती.

मालिका संपली आणि काही महिन्यांतच रस्त्यावरचे चेहरे बदलले. आधी ‘अहो, त्या त्याच ना?’ मग ‘कुठंतरी बघितलंय तुम्हाला.’ मग ‘हल्ली दिसत नाही?’ हे मनाला लावून घ्यायचं नाही असं मी फार लवकर ठरवलं. शिव्या भूमिकेला होत्या, माझ्या नव्हत्या, असं म्हणून मी त्या झटकून टाकत असेन, तर टाळ्याही तिच्याच मानायला हव्यात. एक हिशेब शिव्यांना आणि दुसरा टाळ्यांना, असं चालत नाही. मला दिसलंय की ज्यांनी टाळ्या स्वतःच्या मानल्या, त्यांना मालिका बंद झाल्यावर घरी बसणं फार जड गेलं. काहींची तब्येत गेली.

मला जमिनीवर ठेवलं ते पंचवटी एक्सप्रेसनं. दुपारचा कॉल असला की नाशिकरोडहून सकाळची पंचवटी धरायची. सकाळचा असला तर आदल्या रात्रीच निघायचं. ही गाडी १९७५ पासून धावते आणि तिच्यातल्या पासधारकांचं एक वेगळंच गाव आहे. महिलांच्या डब्यात मी बँकेत असल्यापासून ओळखीची. तिथं कुणी भाजी निवडतं, कुणी सुनेच्या बाळंतपणाचं सांगतं, कुणी कसारा घाट येईपर्यंत झोप काढतं. पडद्यावर मी काहीही असो, डब्यात माझ्याकडे सरकायला जागा मागताना कुणी बिचकत नाही. ‘कालच्या भागात साडी छान होती गं’ एवढं म्हणून बायका पुन्हा आपल्या विषयाकडे वळतात. प्रसिद्धीला एवढंच माप पुरे आहे.

८. रामकुंडावर

वडील गेले तेव्हा मालिका जोरात होती. अस्थी घेऊन आम्ही रामकुंडावर गेलो. नेहमीसारखी गर्दी होती. देशभरातून लोक त्याच कामाला तिथं येतात. पायऱ्यांवर एक तरुण मुलगा फोन पुढं करून आला. ‘मॅडम, एकच फोटो.’ मी म्हटलं, ‘दादा, वडिलांच्या अस्थी आहेत. आज नाही.’ तो इतका ओशाळला की मलाच वाईट वाटलं. फोन खिशात टाकून तो पुढं झाला, गर्दी बाजूला करत त्यानं आम्हाला पाण्यापर्यंत वाट करून दिली, आणि आम्ही परत फिरेपर्यंत भावाच्या चपलांपाशी उभा राहिला. त्याचं नाव मी विचारलं नाही. असे प्रेक्षक मिळणं हे माझं भाग्य आहे.

त्याच दिवशी कुणीतरी लांबून चित्रण केलं. डोक्यावर पदर, रडून सुजलेले डोळे, हातात कलश. रात्री ते हजारो लोकांच्या फोनवर होतं. वर भडक मथळा, खाली करुण गाणं. आई तेव्हा माझ्या शेजारीच बसली होती. तिच्या फोनवरही ते आलं. आपल्या नवऱ्याच्या अस्थी तिनं पार्श्वसंगीतासह पाहिल्या.

समोर येणाऱ्याला हात जोडून ‘नको’ म्हणता येतं. लांबून टिपणाऱ्याला म्हणता येत नाही. त्यावर खुलासा करायचा नाही, उत्तर द्यायचं नाही, रागाची चित्रफीत टाकायची नाही, असं आम्ही घरात बसून ठरवलं, कारण आमच्या उत्तरानं तो मजकूर आणखी पसरला असता. तेव्हापासून घरातलं कुठलंही कार्य असलं, सुखाचं किंवा दुःखाचं, तर जवळची माणसं आधीच सांगून ठेवतात की फोन बाजूला ठेवा. बहुतेक लोक ऐकतात. न सांगितल्यामुळंच पुष्कळदा लोक फोन काढतात, हे मला पुढं कळलं.

या प्रसंगानं मला अभिनयाबद्दलही एक गोष्ट ठरवायला लावली. थोड्याच दिवसांत मालिकेत वडील वारल्याचा प्रसंग आला. दिग्दर्शक भला माणूस होता. तो हळूच म्हणाला, ‘ताई, तुमचं दुःख ताजं आहे, ते येऊ दे.’ मी ग्लिसरीन मागितलं. अभिनय शिकवताना स्वतःच्या आठवणी वापरायला सांगतात आणि ते खोटं नाही. आपलं जगणं भूमिकेत आपोआप झिरपतंच, ते कुणाला थांबवता येत नाही. पण झिरपणं वेगळं आणि सात कोनांतून, लाइट बदलत, ‘अजून एकदा’ म्हणत ते बाहेर काढणं वेगळं. वडिलांचं जाणं मी सात वेळा वापरलं असतं, तर त्यानंतर घरी एकटी बसून त्यांची आठवण काढताना मला कोन आठवला असता. काही गोष्टी कामापासूनही लपवून ठेवाव्या लागतात. त्या दिवशीचं माझं रडणं खोटं होतं, आणि त्या दृश्यासाठी लोकांनी मला फार चांगली पत्रं लिहिली.

९. हंसाबाईंनी सांगितलं

‘मग कलावंतानं काहीच सांगू नये का?’ असं मला एका मुलीनं विचारलं. मी तिला हंसा वाडकरांचं ‘सांगत्ये ऐका’ वाचायला दिलं. १९७० साली पुस्तक आलं. नाव त्यांच्याच १९५९ सालच्या गाजलेल्या चित्रपटाचं. घर, नवरा, दारू, पुरुष, मूल, सिनेमा, काहीही झाकून न ठेवता त्या बोलल्या. पुढं श्याम बेनेगलांनी त्यावरून ‘भूमिका’ केला आणि स्मिता पाटील यांना त्यासाठी राष्ट्रीय पुरस्कार मिळाला. दुर्गा खोट्यांनीही आत्मचरित्र लिहिलं, त्यांच्या स्वभावाप्रमाणं वेगळ्या सुरात.

या दोघी बोलल्या त्या आपल्या मनानं. कुठून सुरुवात करायची, कुठं थांबायचं, कुणाचं नाव घ्यायचं, हे त्यांनी ठरवलं. रामकुंडावरच्या त्या चित्रणात माझं काहीच ठरवणं नव्हतं. फरक मला एवढ्यातच दिसतो. स्वतःहून सगळं उघडं करणाऱ्या बाईचा मला आदर आहे, आणि काहीही न सांगता गेलेल्या, कमलाबाईंच्या पिढीतल्या कितीतरी जणींचाही आहे. तिसऱ्याच कुणी दार ढकलून आत येणं याला मात्र माझ्याकडे क्षमा नाही.

१०. मुलीचा फोटो नाही

माझ्या मुलीला शाळेत ‘तुझी आई किती दुष्ट आहे’ असं ऐकावं लागलं, तेव्हा ती लहान होती. तिनं घरी येऊन फक्त एवढंच विचारलं, ‘तू तिथं मोठ्यानं ओरडतेस, मग इथं का नाही ओरडत?’ त्या रात्री आम्ही ठरवलं की तिचा चेहरा माझ्या नावाशी जोडून कुठंही जाणार नाही. आता कामाची चौकशी करणारे आधी फॉलोअर्स किती ते विचारतात, आणि घरचे फोटो टाकले की आकडा भराभर वाढतो, हे मला ठाऊक आहे. काही कामं त्यामुळं माझ्याकडे आली नसतील. मुलगी मोठी झाली आहे, तिचं काम वेगळं आहे, ती रांगेत उभी राहते तेव्हा तिच्याकडे कुणी वळून बघत नाही. ते तिला आवडतं.

११. वय

नायिका, मग नायिकेची बहीण, मग एका वर्षात थेट नायकाची आई. पुरुष नटाच्या आयुष्यात ही पायरी पंधरा-वीस वर्षं उशिरा येते, पुष्कळांच्या आयुष्यात येतच नाही. माझ्याच वयाच्या नटाची आई मी दोनदा झाले आहे. केसांना पांढरा रंग लावून.

तरीही मी आशेनं आहे, आणि त्या आशेचं कारण नाशिकमध्येच आहे. प्राजक्त देशमुखांचं ‘संगीत देवबाभळी’ २०१७ साली व्यावसायिक रंगभूमीवर आलं. लेखक-दिग्दर्शक नाशिकचा, संगीत आनंद ओक यांचं. अख्ख्या नाटकात दोनच बायका. तुकोबांना शोधत डोंगर चढताना पायात काटा रुतलेली आवली, आणि तिची देखभाल करायला लखूबाई होऊन आलेली रखुमाई. शुभांगी सदावर्ते आणि मानसी जोशी या दोघींनी गात, घरकाम करत, भांडत ते पेललं. विठ्ठल आणि तुकोबा मंचावर येतही नाहीत; नाटक त्यांच्या बायकांचं आहे. या संहितेला साहित्य अकादमीचा युवा पुरस्कार मिळाला. मी ते पाहिलं तेव्हा बाजूच्या खुर्चीतला माणूस रडत होता आणि मी मनातल्या मनात हिशेब करत होते: नटी दोन, पुरुष शून्य, आणि थिएटर भरलेलं. म्हणजे हे होऊ शकतं.

दत्ता पाटील आणि सचिन शिंदे यांच्या ‘हंडाभर चांदण्या’नं पाण्याच्या टंचाईचं नाटक करून दाखवलं. त्या वाटेनं लिहिणारी, बसवणारी आणखी मुलं-मुली आता या गावात आहेत. त्यांच्याकडे माझं एक मागणं आहे. साठीची बाई लिहा. जिचा नवरा आहे की नाही, हे मध्यंतरापर्यंत कुणाला विचारावंसं वाटणार नाही अशी. द्राक्षबागेचं कर्ज फेडायचं की बाग तोडायची हे स्वतः ठरवणारी, भावाशी जमिनीसाठी भांडणारी, गुडघे दुखत असताना वणीचा गड चढणारी, कुणावर तरी उशिरा जीव जडलेली. तिला सोशिक करू नका, कजाग करू नका, तिच्या तोंडी उपदेश घालू नका. संवाद लांब असले तरी चालतील, माझं पाठांतर अजून पक्कं आहे. तालीम संध्याकाळी सातला ठेवा, मी पावणेसातला येते.